झोन बदलाची नोटीस आणि हातातला एक महिना

या वेळी पत्रं खूप आली आणि त्यातली बरीचशी एकाच विषयाची आहेत, झोन बदल, डीपी (म्हणजे विकास आराखडा), सीआरझेड (म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम), एनए (म्हणजे जमीन बिनशेती करणं). रत्नागिरीतून आहेत, सिंधुदुर्गातून आहेत, आणि मुंबईत राहून गावच्या जमिनीची काळजी करणाऱ्या चाकरमान्यांची तर ढीगभर आहेत. सगळी छापता येत नाहीत, पण एकमेकांशी जुळणारी एकत्र करून उत्तरं देतेय.

प्रश्न : ताई, आमचं गाव गुहागर तालुक्यात. वाडीच्या वरचा कातळसडा (जांभ्या दगडाचं पठार) गेल्या काही वर्षांत थोडा थोडा करून एजंट लोकांनी घेतला आणि आता सगळा एकाच कंपनीच्या नावावर आहे. परवा पेपरात बारीक अक्षरात नोटीस आली की ती जमीन शेती झोनमधून काढून रहिवास झोनमध्ये टाकायचं चाललंय. सरपंचांना विचारलं तर म्हणाले ग्रामपंचायतीचा ठराव आधीच झालाय, आता काही होणार नाही. खरंच काही होत नाही का? सड्याच्या खाली आमच्या विहिरी आहेत. — एक वाचक, ता. गुहागर

उत्तर : दादा, होतं. आणि तुम्ही नोटीस आल्यावर लगेच लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण बहुतेक लोक मला पत्र लिहितात ते सड्यावर जेसीबी चढल्यावर, आणि तोवर फाइल बंद होऊन वर्ष-दोन वर्षं झालेली असतात.

आधी हे समजून घ्या की झोन ग्रामपंचायत बदलत नाही. जिथे गावाला स्वतःचा विकास आराखडा नाही तिथे प्रादेशिक योजना लागू असते, आणि त्यातला बदल १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम २० खाली राज्य सरकार करतं, म्हणजे मंत्रालयातला नगरविकास विभाग. जमीनमालक अर्ज करतो, नगररचना खात्याचा अभिप्राय जातो, सरकारला पटलं तर राजपत्रात आणि पेपरात नोटीस निघते आणि लोकांकडून हरकती-सूचना मागवतात. त्याला मुदत असते, साधारण महिनाभराची, ती नोटिशीतच लिहिलेली असते. मग नेमलेला अधिकारी हरकती ऐकतो, अहवाल वर पाठवतो आणि त्यानंतर शेवटची अधिसूचना निघते. म्हणजे तुम्ही आत्ता बरोबर त्या जागेवर उभे आहात जिथे कायद्याने तुम्हाला बोलायला सांगितलंय. ठराव झालाय म्हणून संपलं असं अजिबात नाही, ठराव ही फक्त शिफारस.

तरीपण ठराव सोडून देऊ नका, कारण कंपनी तोच ठराव पुढे करून म्हणणार की गावाची संमती आहे. तो मासिक सभेचा आहे की ग्रामसभेचा ते पहिलं बघा. मासिक सभेत फक्त निवडून आलेले सदस्य असतात, सात असतील नाहीतर नऊ, आणि त्यांनी हात वर केले म्हणजे गावाने केले असं होत नाही. ग्रामसभेचा असेल तर त्या दिवशी गणपूर्ती होती का ते बघा, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. फक्त एक, गणपूर्तीअभावी तहकूब होऊन परत घेतलेल्या सभेला ही अट नसते, आणि महत्त्वाचे विषय नेमके तसल्या सभेत उरकले जातात हे मी कोकणात इतक्यांदा बघितलंय की आता इतिवृत्त उघडलं की आधी तेच तपासते. इतिवृत्त आणि हजेरीची नक्कल ग्रामसेवकांकडे लेखी मागा, नाही दिली तर माहिती अधिकारात टाका, पण त्याला ३० दिवस जातात म्हणून नक्कल हातात यायची वाट बघत हरकत अडवून ठेवू नका, दोन्ही एकदम सुरू करा. आणि खास ग्रामसभा मागा. सरपंच टाळत असतील तर पंचायत समितीकडे किंवा जिल्हा परिषदेच्या सीईओंकडे लेखी मागणी करा, तिथून सांगणं आलं की सरपंचांना सभा बोलवावीच लागते. त्या सभेत सड्याचा विषय नीट वाचून, चर्चा करून नवा ठराव घ्या.

आता हरकत लिहायची कशी. "आमचा तीव्र विरोध आहे" एवढं लिहून खाली दोनशे सह्या, असले कागद मी खूप बघितलेत, आणि सुनावणीत त्याची एक हरकत म्हणून नोंद होऊन विषय पुढे सरकतो. तुमच्याकडे सगळ्यात भक्कम मुद्दा पाण्याचा आहे आणि तो तुम्ही स्वतःच एका ओळीत लिहिलाय. जांभ्याचा सडा पावसाचं पाणी आत घेतो आणि ते खाली झऱ्यांना, विहिरींना वर्षभर पुरतं. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात वाड्यांना टँकर लागतो, तो का लागतो हे सड्याखाली राहणाऱ्या माणसाला सांगायला लागत नाही पण अधिकाऱ्याला कागदावर सांगावं लागतं. तेव्हा सड्याखालच्या प्रत्येक विहिरीचा, झऱ्याचा सर्व्हे नंबर लिहा, किती घरं त्यावर आहेत ते लिहा, नळपाणी योजनेची विहीर असेल तर ती ठळक करा, गावनकाशाच्या झेरॉक्सवर लाल पेनाने खुणा करून जोडा. वर चरायला गुरं जातात ते, पाखाडी (दगडी पायवाट) जाते ती, देवराई लागून असेल तर ती, सगळं सर्व्हे नंबरासकट. आणि सड्यावर कातळशिल्पं (खडकावर कोरलेली जुनी चित्रं) आहेत का ते गावातल्या जुन्या माणसांना घेऊन फिरून बघा, कारण २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली कातळशिल्पं गेलीत, उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गात कुडोपी, आणि अजून कितीतरी सडे कुणी धड बघितलेले पण नाहीत. सापडली तर फोटो काढून पुरातत्त्व विभागाला कळवा आणि त्या पत्राची प्रत हरकतीला लावा.

प्रत्येक घराने वेगळी हरकत द्या, आपापल्या विहिरीची, आपापल्या शब्दात. नोटिशीत ज्या अधिकाऱ्याचा पत्ता आहे तिथेच द्यायची, बऱ्याचदा तो कोकण भवन, बेलापूरचा सहसंचालक नगररचना यांचा असतो, आणि प्रत रत्नागिरीच्या सहायक संचालक नगररचना कार्यालयात. पोहोच घ्या. आवक नंबर आणि शिक्का नसलेला कागद दिलाच नव्हता असं समजा. लांब जाणं जमत नसेल तर स्पीड पोस्टाने, पण पावती जपून.

एक उदाहरण सांगते म्हणजे हरकतीचा मुद्दा नेमका का हवा ते कळेल. रायगडात पेणच्या बाजूच्या २२ गावांत महामुंबई सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, येणार होता. लोकांनी नुसतं "जमीन देणार नाही" म्हटलं नाही, ही जमीन हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली आहे, सरकारनेच पाण्यासाठी धरण बांधलंय मग तीच शेती कशी घेता, हा मुद्दा लावून धरला. शेवटी २१ सप्टेंबर २००८ ला प्रशासनाला गावोगाव लोकांचं मत घ्यावं लागलं, आणि तो सेझ झाला नाही. तुमचा सडा लहान आहे, समोरची कंपनी पण तेवढी मोठी नसेल, पण मुद्दा तसाच हवा, सरकारच्याच कागदावरून काढलेला. तुमच्या नळपाणी योजनेवर सरकारने पैसे खर्च केलेत ना, मग त्या योजनेचा अहवाल काढा, त्यात पाण्याचा स्रोत काय लिहिलाय ते बघा.

प्रश्न : आमच्या नगरपंचायतीचा प्रारूप विकास आराखडा लागलाय. त्यात १२ मीटरचा रस्ता आमच्या घराच्या पडवीतून आणि मागच्या हापूसच्या कलमांतून दाखवलाय. नोटीस लागून तीन आठवडे होत आले म्हणतात, आम्हाला आत्ता कळलं. मोठे भाऊ मुंबईत आहेत, सातबारावर दोघांचं नाव. काय करू? — एक वाचक भगिनी, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ताई, हे उत्तर अंकात येईपर्यंत तुमची मुदत संपली असती म्हणून तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे, पण दापोलीपासून कुडाळपर्यंत ज्या ज्या गावांची नगरपंचायत झाली तिथे कधी ना कधी हा प्रश्न येणारच म्हणून इथेही लिहिते.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्याच्या नोटिशीपासून हरकतींना ३० दिवस असतात, त्याच नगररचना कायद्याचं कलम २६. तीन आठवडे गेले म्हणजे अजून आठवडा आहे, आणि एका आठवड्यात हरकत नक्की देता येते. भावाची सही यायची वाट बघू नका, तुम्ही सहहिस्सेदार आहात, तुमची एकटीची हरकत चालते, भावांनी मुंबईहून त्यांची वेगळी पोस्टाने पाठवावी, उलट दोन झाल्या तर चांगलंच.

नगरपंचायतीत जा आणि दोन नकाशे मागा. एक प्रस्तावित जमीन वापराचा, जो सगळे बघतात. दुसरा विद्यमान जमीन वापराचा, जो कुणी बघत नाही. आराखडा करायच्या आधी आज जागेवर काय आहे त्याचा नकाशा करायचा असतो, आणि त्यात तुमचं घर दाखवलंय का ते बघा. कोकणात घरं झाडांत असतात, वरून काढलेल्या फोटोत छप्पर दिसत नाही, आणि मग नकाशावर तिथे मोकळी जागा दिसते आणि नियोजन करणारा माणूस मोकळ्या जागेतून रस्ता काढतो. घर दाखवलेलं नसेल तर हरकत तिथेच निम्मी जिंकलीत, असेसमेंटचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, लाइट बिल, फोटो सगळं लावा. कलमांसाठी सातबाऱ्यावरची पीकपाहणी लावा, झाडांची नोंद नसेल तर ई-पीक पाहणीत ती नोंद यापुढे दरवर्षी चुकवू नका.

आणि हरकती "व सूचना" असतात, हे लक्षात ठेवा. रस्ता नको एवढंच म्हणू नका, रस्ता कुठून जाऊ शकतो ते दाखवा. शेजारून जुनी पाणंद जात असेल, सरकारी पड जमीन असेल तर त्यातून वळवून नकाशावर रेघ मारून द्या. फक्त ती रेघ दुसऱ्या कुणाच्या पडवीतून जाणार नाही एवढं बघा, आधी शेजाऱ्यांशी बोलून घ्या, नाहीतर गावात कायमचं वैर होतं आणि नियोजन समिती दोघांच्या हरकती फेटाळून रस्ता आहे तिथेच ठेवते.

सुनावणीला स्वतः जा. नियोजन समितीत नगरपंचायतीचे सदस्य आणि बाहेरून नेमलेले जाणकार असतात, त्यांना कागद वाचायला वेळ कमी असतो म्हणून फोटो मोठे करून न्या. समितीनंतर आराखडा सरकारकडे जातो, आणि सरकारने त्यात मोठे बदल केले तर तेवढा भाग वेगळा काढून परत हरकती मागवतात, त्याला बोलीभाषेत ईपी म्हणतात. खूप जण पहिल्या सुनावणीत रस्ता हलला म्हणून निर्धास्त होतात आणि ईपीमध्ये तो परत आलेला असतो तो त्यांनी बघितलेलाच नसतो. आराखडा पूर्ण मंजूर होईपर्यंत राजपत्रावर नजर ठेवावीच लागते, त्याला पर्याय नाही.

प्रश्न : आमच्या जागेवर जुन्या डीपीत शाळेच्या मैदानाचं आरक्षण आहे. नगरपरिषद घेत पण नाही, सोडत पण नाही. — वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : अंतिम आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली असतील तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस द्या, मालकीचे कागद जोडून. नोटीस पोचल्यापासून २४ महिन्यांत त्यांनी जागा घेतली नाही किंवा घ्यायची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. पूर्वी ही मुदत सहा महिने आणि मग बारा महिने होती, २०१५ पासून २४ झाली, म्हणून जुन्या वकिली सल्ल्यावर चालू नका. आणि आरक्षण रद्द झाल्याचं राजपत्रात आल्याशिवाय बांधकामाच्या मागे लागू नका. मात्र एक विनंती करते. मैदानाची खरंच गरज असेल आणि नगरपरिषद योग्य मोबदला किंवा टीडीआर (जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) द्यायला तयार असेल तर बोलणी करून बघा, आमच्याकडच्या कितीतरी शहरांत पोरांना खेळायला जागा उरलेली नाहीये.

प्रश्न : तारकर्लीच्या बाजूक समुद्राला लागून आमची थोडी जागा आहे. एजंट सांगतो २०१९ च्या नव्या सीआरझेडमध्ये २०० मीटरचं ५० मीटर झालं, रिसॉर्ट बांधता येतं, पार्टी तयार आहे, सही करा. काय ता खरा सांगा. — वाचक, ता. मालवण

उत्तर : सही करू नका, आधी हे वाचा. १८ जानेवारी २०१९ ची अधिसूचना खरी आहे आणि त्यात ५० मीटर पण आहे, पण ते कुणासाठी ते एजंट सांगत नाही. ग्रामीण किनाऱ्याचे त्यात दोन भाग केलेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिथे दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोक राहतात तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र, आणि बाकी सगळीकडे पूर्वीसारखंच २०० मीटर. आता सिंधुदुर्ग जिल्ह्याची सरासरी घनता त्या जनगणनेत १६३ होती आणि रत्नागिरीची १९७. गावागावाचा आकडा वेगळा असतो हे मान्य, पण २१६१ गाठणारी गावं आपल्याकडे किती असतील ते तुम्हीच बघा. आणि जिथे गाठतात तिथेसुद्धा नव्या अधिसूचनेप्रमाणे किनारा व्यवस्थापनाचा नकाशा मंजूर झाल्याशिवाय ५० मीटर लागू होत नाही. खाडीकाठचं माप वेगळं, नव्या अधिसूचनेत ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यातलं जे कमी ते, बरेच एजंट खाडीचं माप समुद्राला लावून सांगतात.

अजून एक फसवणूक सर्रास चालते ती म्हणजे "एनए आहे ना, मग झालं". झोन वेगळा, एनए वेगळं, बांधकाम परवानगी वेगळी आणि सीआरझेड वेगळं, एक मिळालं म्हणून दुसरं मिळत नाही. तुम्ही ओरोसला नगररचना कार्यालयात जाऊन सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणा आणि सीआरझेड नकाशावर तुमचा तुकडा कुठे पडतो ते लेखी घ्या. तोंडी सांगितलेलं धरू नका.

आणि जागा विकायची नसेल तर तुम्हाला एक रस्ता आहे. तुमचं जुनं, कायदेशीर घर आहे त्यात जोतं न वाढवता, दर्शनी भाग न बदलता स्थानिक लोकांना होमस्टे चालवायला त्याच २०१९ च्या अधिसूचनेत मुभा आहे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा झाला, तेव्हापासून किनाऱ्यावर पैसा येतोय, तो जमीन विकलेल्या माणसाला एकदा मिळतो आणि घर राखलेल्याला दर सिझनला मिळतो. मला मनापासून वाटतं की विकू नका, पण निर्णय तुमचा, फक्त खोट्या माहितीवर घेऊ नका.

प्रश्न : आमचा सातबारा सामायिक, आजोबांपासूनचे अकरा हिस्सेदार. चुलत भावाने त्याचा हिस्सा बाहेरच्या माणसाला विकला आणि तो आता रस्त्यालगतचा तुकडा माझाच म्हणून कंपाउंड घालतोय, प्लॉटिंग करणार म्हणे. — वाचक, सध्या डोंबिवली, मूळ ता. राजापूर

उत्तर : भाऊ, तुमच्या चुलत भावाला त्याचा अविभक्त हिस्सा विकता येतो, पण वाटप झाल्याशिवाय कुठला तुकडा कुणाचा हे ठरत नाही, त्यामुळे घेणाऱ्याला "रस्त्यालगतचं माझं" म्हणायचा अधिकार नाही. आजच्या आज तहसीलदार, नगररचना कार्यालय आणि ग्रामपंचायत या तिन्हीकडे लेखी द्या की सदर सर्व्हे नंबर सामायिक आहे, वाटप झालेलं नाही, सर्व सहहिस्सेदारांच्या संमतीशिवाय बिनशेती किंवा रेखांकनाची कुठलीही परवानगी देऊ नये. कंपाउंड थांबवायला दिवाणी कोर्टातून मनाई घ्यावी लागेल, त्यासाठी तालुक्याचा वकील धरा. राहतं घर त्या जमिनीत असेल तर वकिलाला आधी सांगा, एकत्र कुटुंबाच्या घराचा हिस्सा घेणाऱ्या परक्याला घरात सामायिक ताबा मागता येत नाही.

फेरफाराची नोटीस निघाली की १५ दिवसांत हरकत द्यायची असते, आणि डोंबिवलीत बसून तुम्हाला ती कळत नाही हा खरा त्रास आहे. त्यासाठी महसूल खात्याच्या "आपली चावडी" या पानावर गाव निवडून फेरफाराच्या नोटिसा मोबाइलवर बघता येतात, घरातल्या एखाद्या पोराला दर आठवड्याला बघायचं काम लावून द्या. त्या परक्याच्या खरेदीचा फेरफार अजून मंजूर झाला नसेल तर तिथेच मंडळ अधिकाऱ्यांसमोर हरकत नोंदवा. आणि उरलेल्या दहा हिस्सेदारांना गणपतीत एकत्र बसवून वाटपाचा विषय संपवा. सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप होतं, कोर्टात जावं लागत नाही.

प्रश्न : आमचं गाव सिडकोत गेलं असं ऐकलं. म्हणजे ग्रामपंचायत संपली का? जमीन जाणार का? — तीन वाचक, ता. देवगड आणि ता. दापोली

उत्तर : ग्रामपंचायत संपत नाही आणि एवढ्याने जमीनही जात नाही. ४ मार्च २०२४ च्या अधिसूचनेने पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग मिळून किनारपट्टीच्या १६३५ गावांसाठी सिडकोला, म्हणजे सरकारच्या शहर नियोजन महामंडळाला, विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं, त्यात एकट्या रत्नागिरीची ७२२ आणि सिंधुदुर्गची २६८. असं प्राधिकरण आलं की आराखडा ते करतं आणि बांधकामाच्या परवानगीसाठी त्यांच्याकडे जावं लागतं, सातबारा मात्र तुमचाच राहतो. भूसंपादन ही पूर्ण वेगळी प्रक्रिया आहे, त्याच्या वेगळ्या नोटिसा येतात. लोकांचा राग मला समजतो, गावातल्या माणसाला पडवी वाढवायला जिल्ह्याबाहेरच्या ऑफिसचे उंबरे झिजवायला लागणार असतील तर ते बरोबर नाही आणि ते आपण ठासून म्हटलं पाहिजे. पण म्हणताना ग्रामसभेचा ठराव करून म्हणा, परवानगीचं काम तालुक्याच्या ठिकाणी हवं, सडे आणि पाणवठे आराखड्यात आधीच ना-विकास दाखवावेत, गावठाणाच्या वाढीला जागा सोडावी, असं मुद्देसूद लिहून पाठवा. आणि तुमच्या गावाचं नियोजन प्राधिकरण आजच्या तारखेला कोण आहे हे तहसीलदारांना आणि नगररचना कार्यालयाला लेखी विचारून ते उत्तर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, कारण हरकत चुकीच्या ऑफिसात गेली तर मुदत निघून जाते.